ताण कामाचा, झीज शरीराची

"टेन्शन घेऊ नकोस." हा सल्ला आपण रोज देतो आणि रोज ऐकतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. टेन्शन कुणी हौसेने घेत नाही. असा सल्ला वारंवार मिळाला की माणसाला वाटू लागते, आपलेच मन कच्चे आहे. मग तो बोलणेच बंद करतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर ताणाविषयी जरा सविस्तर बोलू. ताण आला की शरीरात काय घडते, तो कामावर आणि प्रकृतीवर कसा उतरतो, काही नोकऱ्यांत तो जास्त का असतो आणि त्यावर काय करता येते, हे क्रमाने पाहू.

एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण वाचकांना अनोळखी वाटणार नाही. एक ताई सरकारी कार्यालयात लिपिक आहेत, वय ४२. विभागातली दोन पदे कित्येक महिने रिकामी आहेत, त्यामुळे तीन टेबलांचे काम त्यांच्या एकट्यावर आले आहे. साहेब संध्याकाळी पाच वाजता फाईल मागतात आणि ती आजच हवी असते. पदोन्नती झाली तेव्हा मागच्या टेबलावरून शब्द कानावर आले होते, "यांचं काय बाबा, कोट्यातून मिळतं." घरी मुलाची दहावी, सासूबाईंची औषधे, दोन वेळचा स्वयंपाक. रात्री अकराला पाठ टेकते, पण डोळा लागायला एक-दीड वाजतो. मान आखडलेली असते, पित्त उसळते, डोके ठणकते. मेडिकलमधून गोळी आणून दिवस ढकलायचा. विचारले तर म्हणतात, "बाकी मी ठणठणीत आहे." रक्तदाब शेवटचा कधी मोजला, ते मात्र त्यांना आठवत नाही.

या ताईंच्या शरीरात काय चालले आहे?

धोक्याची घंटा

समोरून अचानक भरधाव ट्रक आला तर आपण विचार करायच्या आत बाजूला उडी मारतो. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ च्या सुमारास या प्रतिक्रियेचे वर्णन केले. संकट दिसताच शरीर एकतर लढायला किंवा पळायला तयार होते. मेंदूचा इशारा मिळताच मूत्रपिंडाच्या वर असलेल्या छोट्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन रक्तात मिसळते. हृदय जोरात धडधडते, रक्तदाब चढतो, श्वास वाढतो. यकृतातली साठवलेली साखर रक्तात येते, कारण स्नायूंना इंधन हवे असते. त्या घटकेला पचन महत्त्वाचे नसते, म्हणून ते मंदावते. पाठोपाठ त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक येते आणि ही तयारी काही काळ टिकवून धरते.

ही व्यवस्था आपल्या शत्रूची नव्हे, आपल्या रक्षणाची आहे. ट्रक निघून गेला की थोड्या वेळाने धडधड थांबते आणि सगळे पूर्वपदावर येते. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आधी पोटात गोळा येतो तोही याचाच सौम्य प्रकार. असा थोडा ताण लक्ष एकाग्र करतो आणि काम चांगले करून घेतो. सगळाच ताण वाईट, असे मानण्याचे कारण नाही.

अडचण पुढे आहे. ट्रक पाहून वाजते तीच घंटा साहेबांचा फोन, बँकेचा हप्ता किंवा सहकाऱ्याचा टोमणा यांनीही वाजते. शरीर लढायला किंवा पळायला तयार होते, पण ताईंना लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. त्या खुर्चीतच बसून राहतात. स्नायूंसाठी आलेली साखर वापरली जात नाही, चढलेला रक्तदाब लवकर उतरत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा पुन्हा वाजते.

घंटा थांबलीच नाही तर

माँट्रियल येथील संशोधक हान्स सेल्ये यांनी १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून एक गोष्ट दाखवली. त्रास कोणत्याही प्रकारचा असो, तो दीर्घकाळ टिकला की शरीरात ठरावीक बदल दिसत. त्या ग्रंथी सुजत, रोगप्रतिकाराशी संबंधित अवयव आक्रसत आणि पोटात व्रण पडत. 'स्ट्रेस' हा शब्द आज आपण ज्या अर्थाने वापरतो, तो त्यांच्याच कामामुळे रूढ झाला. पुढे ब्रूस मॅकएवेन या शास्त्रज्ञाने वर्षानुवर्षांच्या ताणाने साचत जाणाऱ्या या झिजेचा विचार मांडला. गाडीचा ॲक्सिलरेटर सतत दाबून धरला तर इंजिन एका दिवसात बंद पडत नाही, पण त्याचे आयुष्य घटते. शरीराचेही तसेच आहे.

ही झीज कुठे कुठे दिसते?

हृदय आणि रक्तवाहिन्या: वारंवार चढणारा रक्तदाब रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांच्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, हृदयविकाराच्या झटक्याशी संबंधित नऊ प्रमुख कारणांत मानसिक-सामाजिक ताणाचा समावेश होता. तंबाखू, मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांच्याच यादीत ताणाला जागा मिळाली, हे लक्षात घ्या.

साखर आणि वजन: कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवते आणि पोटाभोवती चरबी साठायला मदत करते. मधुमेह असणाऱ्यांची साखर ताणाच्या दिवसांत आटोक्यात राहत नाही, त्याचे हे एक कारण.

झोप: कॉर्टिसॉल सकाळी जास्त आणि रात्री कमी असावे, हा निसर्गाचा क्रम. ताणात हा क्रम बिघडू शकतो. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी छोटी गोष्टही मोठी वाटते, म्हणजे ताण आणखी वाढतो.

प्रतिकारशक्ती: १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले गेले. ज्यांच्यावर ताण जास्त होता, त्यांना सर्दी होण्याचे प्रमाण जास्त निघाले.

पोट: ताणाने पित्त, जळजळ आणि पोट बिघडणे वाढते, हे खरे. पण 'टेन्शनने अल्सर झाला' हे पूर्ण खरे नाही. बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर असतो. जिवाणूचा शोध लावणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून पोटदुखी टेन्शनच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नका, तपासून घ्या. डोकेदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांनी तर हे नक्कीच ध्यानात ठेवावे.

कामावर होणारा परिणाम

ताणलेला मेंदू धोका शोधण्यात गुंतलेला असतो. त्यामुळे हातातल्या कामासाठी लक्ष कमी उरते. ताईंच्या हातून पत्रात चुकीची तारीख पडते. चूक झाली म्हणून बोलणी बसतात, बोलणी बसली म्हणून ताण वाढतो आणि वाढलेल्या ताणातून पुढची चूक होते. कार्यालयात या चुकीची किंमत एका पत्राची असते. बसचालक, यंत्रावर काम करणारा कामगार, वायरमन, परिचारिका यांच्या बाबतीत ती जिवाची असू शकते.

पुढे माणूस कामावर येतो, पण काम पुढे सरकत नाही. चिडचिड होते, सहकाऱ्यांशी बोलणे तुटते, रजा वाढतात. कामातला ताण दीर्घकाळ हाताळला गेला नाही की येणाऱ्या अवस्थेला 'बर्नआउट' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची तीन लक्षणे स्पष्ट केली: शक्ती संपून गेल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने ती आजारांत धरलेली नाही, तर नोकरीशी निगडित स्थिती म्हणून नोंदवली आहे. म्हणजे तिचा उगम कामाच्या जागेत आहे, हे मान्य केले आहे. याच संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंता यांमुळे जगभरात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात.

कुणाला ताण जास्त?

आपल्याला वाटते, मोठ्या साहेबाला मोठे टेन्शन. लंडनमध्ये १९६७ पासून सुमारे १८,००० पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास झाला. तो 'व्हाइटहॉल' या नावाने प्रसिद्ध आहे. मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उलटेच चित्र दिसले. सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या तुलनेत तिपटीहून अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केला तरी हा फरक पूर्ण भरून निघाला नाही. १९८५ साली स्त्रियांनाही घेऊन सुरू झालेल्या दुसऱ्या अभ्यासात याचा एक धागा सापडला. स्वतःचे काम कसे आणि केव्हा करायचे हे ठरवण्याची मुभा ज्यांना नव्हती, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला.

अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली हीच गोष्ट सूत्रात मांडली होती. कामाची मागणी जास्त आणि हातातला अधिकार कमी, ही जोडी सर्वांत घातक. योहानेस झीग्रिस्ट यांनी दुसरी बाजू मांडली. कष्ट भरपूर आणि त्या बदल्यात पगार, मान, नोकरीची शाश्वती अपुरी, तर शरीराला त्याची किंमत मोजावी लागते. आता आपल्या वस्तीतले कंत्राटी सफाई कामगार, सुरक्षारक्षक, घरकाम करणाऱ्या ताई, डिलिव्हरी करणारी मुले डोळ्यांसमोर आणा. हुकूम वरून येतो, जबाबदारी खालच्याची आणि उद्याची खात्री नाही. दोन्ही सूत्रे त्यांना तंतोतंत लागू पडतात.

यात अपमानाची भर पडते. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी २००४ साली प्रयोगशाळांतील २०८ अभ्यास एकत्र तपासले. परिस्थिती हाताबाहेर आणि त्यात चार लोक आपल्याला कमी लेखणार, असे दोन्ही जुळून आले की कॉर्टिसॉल सर्वांत जास्त वाढते आणि खाली यायलाही सर्वांत जास्त वेळ लागतो, असे त्यांना आढळले. ताईंना ऐकावा लागलेला 'कोट्यातून' हा शब्द नेमका या जागी लागतो. आडनाव विचारल्यावर बदलणारा चेहरा, डब्याच्या वेळी सुटणारी एक खुर्ची, गुणवत्तेवर घेतलेली शंका यांनी शरीरातली घंटा वाजते. पुढचा टोमणा कधी येईल या सावधपणात ती वाजतच राहते. भेदभावाच्या अनुभवाचा झोपेशी आणि मानसिक आरोग्याशी असलेला संबंध अनेक देशांतील संशोधनात दिसला आहे. म्हणून 'मनाला लावून घेऊ नकोस' हा सल्ला इथे अपुरा आहे. ते मनाच्या आधी शरीराला लागलेले असते.

कामाचे तास हाही साधा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एकत्रित अंदाज प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्के जास्त असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. तासांच्या मर्यादेकडे आपण मजुरांचा हक्क म्हणून पाहतो. आज वैद्यकशास्त्र सांगते की ती हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्षणाचीही मर्यादा आहे.

स्त्रियांचे तास तर कार्यालय सुटल्यावर संपत नाहीत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. घरातल्या बाईचे डोके रोज का दुखते, याचे एक उत्तर या दोन आकड्यांत आहे.

खोटे आधार

ताण आला की तंबाखूची चिमूट, बिडी, मिश्री, संध्याकाळी एक क्वार्टर. यांनी बरे वाटते, हा अनुभव खोटा नाही, पण तो फसवा आहे. निकोटिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते. सवय लागलेल्या माणसाला चिमूट घेतल्यावर येणारी शांतता म्हणजे बहुधा तंबाखू न मिळाल्याची तगमग थांबणे. दारूने झोप लवकर लागते, पण ती तुटक असते आणि पहाटे जाग येते. डॉक्टरांना न विचारता घेतलेल्या झोपेच्या गोळ्यांचीही सवय लागते. चहा-कॉफी दुपारनंतर कमी करा.

स्वतःसाठी काय करता येईल

एक, रक्तदाब मोजा. उच्च रक्तदाब बहुतेकांना जाणवतच नाही. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून तो १४०/९० किंवा त्याहून जास्त आला तर उपचार लागतात. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय असते. गोळी सुरू झाली असेल तर बरे वाटते म्हणून बंद करू नका.

दोन, शरीर हलवा. लढण्या-पळण्यासाठी साठलेली शक्ती चालण्याने वापरली जाते. आठवड्याला १५० मिनिटे भरभर चालणे पुरे. एक स्टॉप आधी उतरून चाललात तरी तो हिशेबात धरा.

तीन, श्वास. चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असे पाच मिनिटे. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती मंदावणारा मज्जातंतू काम करू लागतो. आनापानाचा सराव आपल्यापैकी अनेकांना आहे. त्यात श्वास मोजायचा किंवा लांबवायचा नसतो, जसा आहे तसा पाहायचा असतो. जो सराव जमेल तो करा. तीव्र नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार असेल तर दीर्घ शिबिराला बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा आणि शिबिराच्या व्यवस्थापकांनाही कल्पना द्या.

चार, झोपेची वेळ ठरवा. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवा. डोक्यात फिरणारी उद्याची कामे कागदावर उतरवून मग पाठ टेका.

पाच, एका माणसाशी बोला. सल्ला देणाऱ्यापेक्षा ऐकणारा निवडा. आणि कुणी आपल्याजवळ बोलायला आले तर 'टेन्शन घेऊ नकोस' ऐवजी विचारा, "नेमकं काय चाललंय, सांग."

कामाच्या जागेत काय करता येईल

श्वासाने टेबलावरच्या फायली कमी होत नाहीत. ज्या ताणाचे कारण बाहेर आहे, त्याचा उपायही काही अंशी बाहेरच करावा लागतो. ताईंनी तीन टेबलांच्या कामाची यादी करून, कोणते काम आधी करायचे हे साहेबांकडून लेखी मागावे. रिकाम्या पदांबाबतचा अर्ज एकटीने देण्याऐवजी संघटनेमार्फत किंवा सहकाऱ्यांसह द्यावा. हातात थोडासा अधिकार आला तरी ताण उतरतो, हे वरच्या अभ्यासांचे सार आहे.

अपमानाच्या प्रसंगांची तारीख, वेळ, शब्द आणि साक्षीदार वहीत नोंदवून ठेवावेत. जातीवरून अपमान झाल्यास १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाल्यास २०१३ चा कायदा आहे. त्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असलीच पाहिजे आणि लहान ठिकाणांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. प्रकरण कोणत्या कलमात बसते हे जाणकार वकिलाला विचारून ठरवा. तक्रार करायची की नाही हा निर्णय पुढचा, पण नोंद ठेवल्याने 'मलाच असं वाटतंय का?' ही घालमेल तरी थांबते.

घरातही वाटणी करा. दहावीचा मुलगा स्वतःचे ताट धुऊ शकतो. सासूबाईंच्या गोळ्यांचा डबा दादा भरू शकतात.

उशीर करू नका

छातीत दाब किंवा दुखणे, ते हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणे, दरदरून घाम, धाप लागणे, ही लक्षणे 'टेन्शनची' म्हणून झोपून राहू नका. लगेच १०८ ला फोन करा. स्त्रियांमध्ये मळमळ, धाप आणि विलक्षण थकवा हीच लक्षणे ठळक असू शकतात.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर डॉक्टरांना भेटा. बहुतेक जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. 'टेली मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि मराठीत बोलता येते. जगणे नको असे विचार येत असतील तर थांबू नका. त्याच क्षणी हा फोन करा आणि जवळच्या माणसाला सोबत ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय मानसोपचार मिळणे हा हक्क केला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच हा कायदा गृहीत धरतो. शिक्षा करण्याऐवजी तिची काळजी घेणे, हे त्याने शासनाचे कर्तव्य ठरवले आहे.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. रविवारी विहारात आपण जमतोच. महिन्यातून एका रविवारी वस्तीतल्या परिचारिका ताईंना किंवा डॉक्टरांना बोलावून सर्वांचा रक्तदाब मोजावा आणि आकडा एका वहीत लिहून ठेवावा. आपल्या उदाहरणातल्या ताई त्या रांगेत उभ्या राहतील, तेव्हा 'मी ठणठणीत आहे' या वाक्याची पहिल्यांदाच तपासणी होईल. आणि रांगेत पुढे-मागे उभे राहताना कामावरच्या गोष्टीही निघतील. त्या ऐकून घ्या.